मिग-२१ विमानांचे अपघात आणि उत्तरदायित्वाचा प्रश्न : महाराष्ट्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

भारतीय हवाई दलात १९६३ साली दाखल झालेले मिग-२१ हे लढाऊ विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे समारंभपूर्वक निवृत्त झाले. बासष्ट वर्षांच्या या सेवेत त्याने युद्धात मोठे यश मिळविले. त्याचबरोबर अपघातांमुळे ‘उडती शवपेटी’ हे दुर्नामही त्याच्या वाट्यास आले. या विमानाशी महाराष्ट्राचा संबंध दुहेरी आहे. एकीकडे ही विमाने नाशिकजवळील ओझर येथे तयार होत होती. दुसरीकडे, सुरतगड येथे २००१ साली मुलगा गमावलेल्या पुण्यातील गाडगीळ दांपत्याने या अपघातांचा प्रश्न देशापुढे मांडला. प्रस्तुत शोधनिबंधात या दोन्ही बाजूंचा विचार केला असून, अपघातांचे मूळ केवळ विमानाच्या वयात किंवा वैमानिकाच्या चुकीत न शोधता धोरणात्मक विलंबात शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : मिग-२१, ओझर, विमान अपघात, प्रगत जेट प्रशिक्षक विमान, अभिजित गाडगीळ, उत्तरदायित्व.

प्रस्तावना

जुन्या यंत्राला सांभाळून, दुरुस्त करून, शक्य तितकी वर्षे वापरत राहणे ही आपल्या समाजाची जुनी सवय आहे. मूर्तिजापूर परिसरातील वाचकांना याचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. येथून एका बाजूस यवतमाळ आणि दुसऱ्या बाजूस अचलपूरपर्यंत पूर्वी धावणाऱ्या ‘शकुंतला’ या अरुंद मापाच्या रेल्वेगाडीचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टर येथे तयार झाले होते. १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत, म्हणजे सुमारे सत्तर वर्षे, त्याने गाडी ओढली. त्यानंतर डिझेल इंजिन आले. वऱ्हाडातील लोकांना या गाडीविषयी जिव्हाळा वाटला, तिच्या म्हातारपणाचे कौतुकही झाले. ते स्वाभाविक होते, कारण इंजिन बिघडले तर गाडी रुळावर उभी राहत असे. प्रवाशांचा खोळंबा होई, परंतु कोणाच्या जिवावर बेतत नसे.

विमानाची गोष्ट वेगळी असते. आकाशात बिघडलेले विमान कडेला उभे करता येत नाही. एकच इंजिन असलेल्या आणि ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडू शकणाऱ्या लढाऊ विमानाच्या बाबतीत तर वैमानिकाला निर्णयासाठी काही क्षणच मिळतात. म्हणूनच जुने यंत्र निभावून नेण्याची जी सवय जमिनीवर काटकसर ठरते, ती आकाशात कोणती किंमत घेते, हा इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावा असा प्रश्न आहे. मिग-२१ च्या इतिहासातून या प्रश्नाचे उत्तर शोधता येते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) मिग-२१ विमानाच्या भारतातील आगमनाचा व ओझर येथील उत्पादनाचा आढावा घेणे.
२) या विमानाच्या अपघातांमागील कारणांची चिकित्सा करणे.
३) पुण्यातील गाडगीळ दांपत्याच्या लढ्याचे ऐतिहासिक महत्त्व तपासणे.
४) अपघातांच्या संदर्भात उत्तरदायित्वाची कल्पना कशी बदलत गेली हे पाहणे.

अभ्यासपद्धती

सदर अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. संसदेतील निवेदने, न्यायालयीन निर्णय व प्रकाशित माहिती यांचा आधार घेतला आहे. हवाई दलाच्या अंतर्गत चौकशीचे अहवाल सर्वसाधारणपणे जाहीर केले जात नाहीत, ही या विषयाच्या अभ्यासाची प्रमुख मर्यादा आहे. त्यामुळे एखाद्या विशिष्ट अपघाताचे तांत्रिक कारण ठरविण्याचा प्रयत्न येथे केलेला नाही.

जुनी विमाने निभावून नेण्याची परंपरा

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच भारतीय हवाई दलाला जुन्या विमानांवर काम भागवावे लागले. दुसरे महायुद्ध संपल्यावर दोस्त राष्ट्रांनी कानपूर येथे मागे टाकलेली अमेरिकन बनावटीची ‘लिबरेटर’ बॉम्बफेकी विमाने मोडीत निघाल्यासारखीच होती. हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कारखान्यातील तंत्रज्ञांनी ती उडण्यायोग्य केली. त्यांच्या बळावर १९४८ च्या अखेरीस हवाई दलाचे पाचवे स्क्वाड्रन उभे राहिले. पुण्याच्या लोहगाव तळावरून ही विमाने अनेक वर्षे उडत राहिली आणि सागरी टेहळणीच्या कामात १९६८ पर्यंत वापरात होती. जगातील इतर हवाई दलांनी ती केव्हाच टाकून दिली होती. त्यामुळे आज परदेशांतील संग्रहालयांत जतन केलेल्या लिबरेटर विमानांपैकी काही भारतातूनच गेलेली आहेत.

ही घटना भारतीय तंत्रज्ञांच्या कौशल्याची साक्ष देते, यात शंका नाही. मात्र याच यशातून ‘आपण चालवून घेऊ’ हा आत्मविश्वासही वाढत गेला असे म्हणावेसे वाटते. विमान जुने झाले म्हणजे ते अपरिहार्यपणे धोकादायक होते असे नाही. काळजीपूर्वक देखभाल, मुबलक सुटे भाग आणि अनुभवी वैमानिक असतील तर जुने विमानही सुरक्षित उडते. यांपैकी एकेक गोष्ट कमी पडू लागली की धोका वाढतो. परदेशात हौसेने व प्रदर्शनासाठी उडविल्या जाणाऱ्या महायुद्धकालीन विमानांनाही हा नियम चुकलेला नाही. अमेरिकेत ऑक्टोबर २०१९ मध्ये एक बी-१७ विमान कोसळले. नोव्हेंबर २०२२ मध्ये डॅलस येथील हवाई कसरतींत एक जुने बॉम्बफेकी विमान व एक जुने लढाऊ विमान एकमेकांवर आदळले. तेथे किमान ही विमाने उडवायची की नाही याची निवड करण्याचे स्वातंत्र्य होते. सेवेत असलेल्या सैनिकाला ते नसते.

मिग-२१ चे आगमन व ओझरचा कारखाना

मिग-२१ ची रचना सोव्हिएत संघात १९५० च्या दशकात झाली. उंचावरून येणाऱ्या शत्रूच्या बॉम्बफेकी विमानाला वेगाने गाठून पाडणे हा तिचा मूळ हेतू होता. त्रिकोणी पंख, सडपातळ देह आणि एकच शक्तिशाली इंजिन अशी ही रचना होती. १९६२ साली भारताने सोव्हिएत संघाशी करार केला आणि १९६३ मध्ये पहिली विमाने चंदीगड येथे आली. हवाई दलाच्या अठ्ठाविसाव्या स्क्वाड्रनला ती देण्यात आली. त्या स्क्वाड्रनचे नेतृत्व विंग कमांडर दिलबाग सिंग यांच्याकडे होते. पुढे ते हवाई दलप्रमुख झाले.

याच सुमारास महाराष्ट्राचा या विमानाशी संबंध जोडला गेला. नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले आणि १९६३ मध्ये नाशिक मतदारसंघातून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. मिग विमानांच्या उत्पादनासाठी तीन ठिकाणे निश्चित झाली. विमानाचा सांगाडा नाशिकजवळील ओझर येथे, इंजिन ओरिसातील कोरापुट येथे आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबाद येथे तयार व्हावीत, अशी ती योजना होती. ऑक्टोबर १९६४ मध्ये हे सर्व विभाग हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड या एकाच कंपनीत आले. नाशिक जिल्ह्यातील लोक ओझरच्या कारखान्याचे श्रेय आजही चव्हाणांना देतात. ‘ओझर मिग’ हे तर त्या वसाहतीचे नावच होऊन बसले.

या कारखान्यात मिग-२१ एफएल, मिग-२१ एम आणि मिग-२१ बिस अशा तीन पिढ्यांची मिळून साडेसहाशेहून अधिक विमाने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत तयार झाली. पुढे १२५ विमानांचे आधुनिकीकरण करून त्यांना ‘बायसन’ हे रूप देण्याचे कामही प्रामुख्याने येथेच झाले. द्राक्ष आणि कांदा यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात ध्वनीपेक्षा वेगवान विमान तयार होणे ही महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासातील मोठी घटना होती. हजारो कामगार, तंत्रज्ञ व अभियंते यांनी तेथे आयुष्य घालविले.

युद्धातील कामगिरीही नोंद घेण्याजोगी आहे. १४ डिसेंबर १९७१ रोजी मिग-२१ विमानांनी ढाक्यातील गव्हर्नमेंट हाउसवर हल्ला केला आणि पूर्व पाकिस्तानच्या गव्हर्नरने राजीनामा दिला. पश्चिम आघाडीवर या विमानाने पाकिस्तानची अमेरिकन बनावटीची स्टारफायटर विमाने पाडली. १९९९ च्या कारगिल संघर्षातही त्याचा वापर झाला. तेव्हा मिग-२१ हे मुळातच वाईट विमान होते, हे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

अपघातांचे स्वरूप व कारणे

मे २०१२ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत दिलेली माहिती या विषयात वारंवार उद्धृत केली जाते. त्यानुसार १९७१-७२ ते एप्रिल २०१२ या काळात मिग जातीच्या ८७२ विमानांपैकी ४८२ विमाने अपघातांत नष्ट झाली. या अपघातांत १७१ वैमानिक, ३९ नागरिक, सेवेतील ८ अन्य कर्मचारी आणि १ विमानकर्मी मृत्युमुखी पडले. मानवी चूक व तांत्रिक दोष ही दोन्ही कारणे त्यांनी सांगितली.

ही आकडेवारी वाचताना काही काळजी घेणे आवश्यक आहे. ती सर्व मिग विमानांची असून एकट्या मिग-२१ ची नाही. तसेच ती चाळीस वर्षांची एकत्रित बेरीज आहे. हवाई दलाच्या लढाऊ ताफ्याचा मोठा भाग दीर्घकाळ मिग-२१ चाच होता. जे विमान सर्वाधिक संख्येने आणि सर्वाधिक तास उडते, त्याचे अपघातही संख्येने जास्त दिसतात. म्हणून तज्ज्ञ मंडळी अपघातांची तुलना उड्डाणाच्या दर दहा हजार तासांमागे करतात. असे असले, तरी शांततेच्या काळात अर्ध्याहून अधिक विमाने गमावावी लागणे ही बाब कोणत्याही हिशेबाने साधी म्हणता येत नाही.

कारणांचा विचार करता पुढील मुद्दे लक्षात येतात.

पहिला मुद्दा विमानाच्या रचनेचा. जुन्या प्रकारच्या मिग-२१ चा धावपट्टीवर उतरतानाचा वेग ताशी सुमारे ३४० किलोमीटर इतका असे. वैमानिकाच्या कक्षातून बाहेरचे दृश्य पुरेसे मोकळे दिसत नसे. इंजिन एकच असल्याने ते बंद पडल्यास दुसरा आधार नव्हता. विमानतळाच्या परिसरातील पक्षी इंजिनात ओढला गेला तर दुर्घटनेचा धोका मोठा असे.

दुसरा मुद्दा सुट्या भागांचा. १९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन झाले आणि एका देशातून होणारा पुरवठा अनेक नवस्वतंत्र देशांत विखुरला गेला. जुन्या विमानाला सुट्या भागांची गरज अधिक असते. नेमक्या त्याच काळात हे भाग मिळविणे अवघड झाले.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा प्रशिक्षणाचा. नव्या वैमानिकाचे शिक्षण ‘किरण’ या ध्वनीहून पुष्कळ कमी वेगाच्या प्रशिक्षक विमानावर होत असे. त्यानंतर त्याला मिग-२१ सारख्या अतिवेगवान विमानात बसविले जाई. या दोन पायऱ्यांमध्ये जी मधली पायरी हवी, म्हणजे प्रगत जेट प्रशिक्षक विमान, ती भारताकडे नव्हती. सायकल शिकलेल्या मुलाच्या हाती एकदम शर्यतीची मोटार द्यावी, तसा हा प्रकार होता.

ही उणीव कोणाच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. १९८२ साली एअर मार्शल ला फाँतेन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने अशा प्रशिक्षक विमानाची शिफारस केली होती. १९९७ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या अध्यक्षतेखाली लढाऊ विमानांच्या अपघातांचा विचार करणारी समिती नेमावी लागली. प्रत्यक्षात ब्रिटिश बनावटीच्या ‘हॉक’ विमानांची निवड सप्टेंबर २००३ मध्ये झाली. ६६ विमानांचा करार मार्च २००४ मध्ये झाला आणि फेब्रुवारी २००८ मध्ये महाराष्ट्राच्या सीमेलगत असलेल्या बिदर येथील तळावर ती हवाई दलात दाखल झाली. १९८२ ते २००८ हा कालावधी २६ वर्षांचा आहे. या २६ वर्षांत वैमानिकांच्या अनेक तुकड्या मधल्या पायरीवाचून मिग-२१ कडे गेल्या.

मिग-२१ ची जागा घेणाऱ्या विमानाची कथाही अशीच आहे. हलक्या लढाऊ विमानाच्या प्रकल्पास १९८३ साली मंजुरी मिळाली. पुढे ‘तेजस’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या विमानाचे पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी झाले आणि ते स्क्वाड्रनमध्ये १ जुलै २०१६ रोजी आले. म्हणजे मंजुरीपासून सेवेपर्यंत ३३ वर्षे लागली. नवे विमान वेळेवर आले नाही, म्हणून जुन्याचे आयुष्य पुन्हा पुन्हा वाढवावे लागले.

सुरतगड, १७ सप्टेंबर २००१

तेजसचे पहिले उड्डाण झाले त्याच वर्षी, त्यानंतर आठ महिन्यांनी, राजस्थानातील सुरतगड तळावरून रात्री उडालेले मिग-२१ विमान कोसळले. त्यात पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचा मृत्यू झाला.

अंधाऱ्या रात्री विरळ वस्तीच्या प्रदेशावर उडताना आकाश कोठे संपते आणि जमीन कोठे सुरू होते हे डोळ्यांना कळत नाही. अशा वेळी शरीराला होणारी दिशेची जाणीव फसवी असते. विमान वळत असूनही ते सरळ जात आहे असे वाटू शकते. वैमानिकाने अशा प्रसंगी केवळ समोरच्या उपकरणांवर विश्वास ठेवायचा असतो. या अपघाताच्या अधिकृत चौकशीचा रोख वैमानिकाच्या अशाच दिशाभ्रमाकडे होता. अभिजित यांचे आई-वडील कविता व अनिल गाडगीळ यांनी हा निष्कर्ष स्वीकारला नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. त्या रात्री विमानात नेमके काय घडले, हे ठरविणे या निबंधाचे काम नाही. महत्त्वाचे आहे ते गाडगीळ दांपत्याने विचारलेल्या प्रश्नाचे स्वरूप. ‘माझ्या मुलाची चूक नव्हती’ एवढेच म्हणून ते थांबले असते, तर ते एका कुटुंबाचे दुःख राहिले असते. त्यांनी मिग-२१ च्या अपघातांची मालिका समोर ठेवली. इतके प्रशिक्षित तरुण एकापाठोपाठ एक चुका कसे करतात, असा प्रश्न त्यातून उभा राहिला. कविता गाडगीळ यांनी शासनाकडे व जनतेपुढे हा विषय लावून धरला. हवाई सुरक्षेच्या कार्यासाठी पुण्यात अभिजित यांच्या नावाने संस्था स्थापन झाली. पुढे या दांपत्याने वैमानिकांच्या प्रशिक्षणाला उपयोगी पडणाऱ्या सिम्युलेटरच्या कामातही लक्ष घातले. ज्या उणिवेकडे त्यांनी बोट दाखविले, ती भरून काढण्यासाठी स्वतः काही करणे, ही या लढ्याची विशेष बाजू म्हणावी लागेल.

सैनिकाच्या कुटुंबाने अशा रीतीने जाहीर प्रश्न विचारणे ही त्या काळी सोपी गोष्ट नव्हती. सैन्यदलांविषयी आपल्याकडे आदर आहे आणि तो असावयासही हवा. परंतु या आदरापोटी वीरमरणानंतर प्रश्न विचारणे म्हणजे सैन्याचा अवमान करणे, अशी समजूत रूढ झालेली होती. गाडगीळ दांपत्याने ही समजूत दूर केली. २६ जानेवारी २००६ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘रंग दे बसंती’ या हिंदी चित्रपटातील मिग विमानाच्या अपघाताचे कथानक अभिजित गाडगीळ यांच्या घटनेशी जोडले जाते. प्रदर्शनापूर्वी हा चित्रपट संरक्षणमंत्री प्रणव मुखर्जी यांना दाखविण्यात आला होता. यावरून हा विषय तोपर्यंत किती नाजूक बनला होता हे दिसते. त्यानंतर मात्र मिग-२१ चा प्रश्न घराघरांत पोहोचला.

जमिनीवरील बळी

विमान अपघाताची चर्चा करताना जमिनीवरील माणसे बहुधा विस्मृतीत जातात. ३ मे २००२ रोजी जालंधर येथे एक मिग-२१ बँकेच्या इमारतीवर कोसळले आणि आठ जण मृत्युमुखी पडले. ८ मे २०२३ रोजी सुरतगडहूनच उडालेले एक विमान हनुमानगड जिल्ह्यातील बहलोलनगर येथे एका घरावर पडले. या दोन्ही अपघातांत वैमानिक सुखरूप राहिले, परंतु बहलोलनगरला तीन महिलांना प्राण गमवावे लागले. अभिजित गाडगीळ यांच्या मृत्यूनंतर बावीस वर्षे उलटत आली असता त्याच तळावरून त्याच जातीचे विमान उडावे आणि पुन्हा बळी जावेत, ही वस्तुस्थिती अधिक भाष्याची अपेक्षा करीत नाही.

उत्तरदायित्वाची बदलती कल्पना

या संदर्भात पश्चिम जर्मनीचे उदाहरण उद्बोधक ठरते. तेथील सैन्यदलांनी १९६० च्या दशकापासून अमेरिकन बनावटीची स्टारफायटर विमाने वापरली. सुमारे ९१६ पैकी २९२ विमाने अपघातांत गेली आणि शंभराहून अधिक वैमानिक दगावले. लोकांनी त्या विमानाला ‘विधवा करणारे’ असे नाव दिले. मृत वैमानिकांच्या पत्नींनी विमान बनविणाऱ्या लॉकहीड कंपनीवर अमेरिकेत दावा लावला आणि १९७५ मध्ये तडजोडीने भरपाई मिळविली. स्टारफायटर हे तेव्हा जुने विमान नव्हते. ते अगदी नवे होते. यावरून विमानाचे वय हे अपघातांचे एकमेव कारण मानणे चुकीचे ठरते. वैमानिक, प्रशिक्षण, देखभाल आणि विमानाकडून अपेक्षिलेले काम यांचा मेळ बसला नाही, की नवे विमानही घातक ठरते.

भारतात असा न्यायालयीन टप्पा बऱ्याच उशिरा आला. २००५ साली मिग-२१ च्या अपघातात जखमी झालेले विंग कमांडर संजीत सिंग कैला यांनी दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. मे २०१७ मध्ये न्यायालयाने केंद्र सरकार व हिंदुस्थान एरोनॉटिक्स यांनी त्यांना एकूण ५५ लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिला. सैनिकाने युद्धाचा धोका पत्करलेला असतो, सदोष यंत्राचा नव्हे, हे तत्त्व या निर्णयाने मान्य केले. गाडगीळ दांपत्याने २००१ नंतर जो प्रश्न नैतिक पातळीवर विचारला होता, त्याला सोळा वर्षांनी कायद्याच्या भाषेत उत्तर मिळाले, असे म्हणता येईल.

अर्थात, हवाई दलाची अडचणही समजून घेतली पाहिजे. देशाच्या सीमांवर दोन बाजूंनी धोका असताना, पर्यायी विमान हाती नसता, शेकडो विमाने एकदम जमिनीवर ठेवणे कोणत्याही हवाई दलप्रमुखास शक्य नव्हते. हवाई दलास मंजूर असलेली लढाऊ स्क्वाड्रन ४२ आहेत. मिग-२१ निवृत्त झाल्यावर प्रत्यक्ष संख्या २९ वर आली. अनेक अनुभवी वैमानिक या विमानाविषयी आजही आपुलकीने बोलतात, तेही खोटे नाही. म्हणूनच दोष एखाद्या व्यक्तीवर, वैमानिकावर किंवा ओझरच्या कामगारावर टाकून प्रश्न सुटत नाही. निर्णय लांबणीवर टाकणारी व्यवस्था ही येथे खरी जबाबदार ठरते. प्रत्येक अपघाताची चौकशी ‘शेवटच्या काही मिनिटांत कोण चुकले’ याची होते. ‘मागील वीस वर्षांत कोण थांबून राहिले’ याची चौकशी होत नाही. अपघाताच्या चौकशीला काही मिनिटांचा काळ पुरतो, पण त्याच्या इतिहासाला काही दशकांचा काळ पाहावा लागतो.

निष्कर्ष

१) मिग-२१ हे आपल्या काळातील समर्थ विमान होते. १९७१ च्या युद्धातील कामगिरीने ते सिद्ध झाले आहे.
२) अपघातांसाठी केवळ विमानाचे वय किंवा केवळ मानवी चूक जबाबदार धरणे अपुरे आहे. रचना, सुटे भाग व प्रशिक्षण यांचा एकत्रित विचार आवश्यक आहे.
३) प्रगत जेट प्रशिक्षक विमानास लागलेली २६ वर्षे आणि तेजसला लागलेली ३३ वर्षे हा विलंब अपघातांच्या मालिकेमागील मूलभूत घटक आहे.
४) गाडगीळ दांपत्याच्या लढ्यामुळे वैमानिकाच्या मृत्यूबाबत प्रश्न विचारणे हा देशद्रोह नसून नागरिकाचे कर्तव्य आहे, ही जाणीव रुजण्यास मदत झाली.
५) चौकशी अहवालांचा सारांश तरी ठरावीक मुदतीनंतर अभ्यासकांसाठी खुला झाल्यास पुढील दुर्घटना टाळण्यास साहाय्य होईल.

समारोप

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरच्याच कारखान्यात तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने आकाशात झेप घेतली. मिग-२१ च्या निवृत्तीला तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते. ज्या गावाने जुन्या विमानाला जन्म दिला, त्याच गावातून त्याचा वारसदार उडाला, ही महाराष्ट्रास अभिमान वाटावा अशी घटना आहे. तथापि हे नवे विमानही एक दिवस जुने होणार आहे. त्या दिवसाची तयारी केव्हा सुरू करावयाची, याचे उत्तर मिग-२१ च्या इतिहासाने पुरेशा स्पष्टपणे दिले आहे. पहिले विमान सेवेत येते त्याच दिवशी पुढच्या विमानाचा विचार सुरू झाला पाहिजे. तसे झाले नाही तर उशिराची किंमत पुन्हा एखाद्या तरुण वैमानिकाला, त्याच्या घरच्यांना किंवा आपल्याच घरात काम करीत असलेल्या एखाद्या स्त्रीला मोजावी लागेल. शकुंतलेच्या जुन्या इंजिनाकडे आपण प्रेमाने पाहू शकतो, कारण त्याने कोणाकडून अशी किंमत घेतली नाही. मिग-२१ ला निरोप देताना गौरवाबरोबर या किंमतीचीही नोंद ठेवणे, हे इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.